लाल गोळीसोबत दोन वाक्यंही द्या

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातले औषध दुकानदार, फार्मासिस्ट आणि काउंटरवर दिवसभर उभी असणारी सगळी मुलं-मुली यांना,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलीच आहे. बावीस वर्षं पूर्व भागातल्या एका मेडिकलच्या काउंटरमागे उभी राहिले. गुडघे बोलायला लागले म्हणून मागच्या वर्षी थांबले. त्या वर्षांत तापाच्या, खोकल्याच्या गोळ्या विकल्याच, पण सर्वांत जास्त काय विकलं असेल तर ‘शक्तीचं’. रक्तवाढीची गोळी, कॅल्शियम, बी कॉम्प्लेक्स, साठ हजाराची पूड (म्हणजे साठ हजार युनिटची व्हिटॅमिन डीची), तांबडं टॉनिक. चिठ्ठी घेऊन येणारे होते, त्याहून जास्त नुसतं ‘अशक्तपणा वाटायलाय, कायतरी द्या’ म्हणणारे होते. या मालाबद्दल आपण गिऱ्हाइकाशी काय बोलतो आणि काय बोलत नाही, यासाठी हे पत्र.

आधी माझ्याच हातून झालेली चूक सांगते.

एक विडी कामगार बाई, वय तेवीस-चोवीस, पाचवा महिना. सरकारी दवाखान्यातून लाल गोळ्या, म्हणजे लोह आणि फॉलिक अॅसिडच्या, आणि कॅल्शियम मिळालं होतं. हिमोग्लोबिन ७.८. माझ्याकडे येऊन म्हणाली, “मॅडम, ह्या गोळ्या गरम पडायलेत. दुसरं कायतरी ताकदीचं द्या.” दुकानात गर्दी होती. मी फळीवरची टॉनिकची बाटली काढली, बिल केलं, सुट्टे पैसे दिले. ती बाटली तिच्या दीड दिवसाच्या मजुरीची होती. महिन्यानं ती पुन्हा आली तेव्हा हिमोग्लोबिन ७.६ झालं होतं. त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा विचारलं, “अक्का, गोळ्या घेता कधी?”

ती म्हणाली, पहाटे. चहा आणि बटर खाताना दोन्ही गोळ्या एकदमच. एकदा मांडीवर सूप घेऊन पानं कापायला बसलं की मग कशाची आठवण राहत नाही. शिवाय शौचाला काळी व्हायला लागली म्हणून घाबरून मधले दोन-तीन दिवस ती गोळ्या टाळत होती.

म्हणजे लोह, कॅल्शियम आणि चहा, तिन्ही एकाच वेळी पोटात. गोळी चांगली होती, दवाखान्यानं वेळेवर दिली होती, बाई जमेल तशी घेतही होती. तरी रक्त वाढत नव्हतं. आणि तिच्यात आणि त्या गोळीत मी उभी होते, औषधशास्त्राचा डिप्लोमा भिंतीवर टांगून.

आता यातलं शास्त्र थोडं सविस्तर मांडते. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी हे शिकलेलं आहे, पण परीक्षेनंतर कोणी विचारलं नाही म्हणून मागं पडलंय. दुकानातल्या मुलांना तर कोणी सांगितलेलंच नाही.

माणसाच्या अंगात सगळं मिळून तीन-चार ग्रॅम लोह असतं, एखाद्या मध्यम खिळ्याइतकं. त्यातला दोन तृतीयांश वाटा हिमोग्लोबिनमध्ये. तांबडी पेशी १२० दिवस जगते, मग मोडते आणि तिच्यातलं लोह शरीर पुन्हा वापरतं. असं रोज वीस-पंचवीस मिलिग्रॅम लोह घरातल्या घरात फिरतं. अन्नातून रोज शोषून घ्यावं लागतं ते जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. पण पाळीत रक्त जातं, गरोदरपणात बाळ आणि वार दोघांनाही लोह लागतं, बाळंतपणात पुन्हा रक्त जातं. साठा अशा वेळी संपतो.

गोळीतलं लोह शोषलं जातं ते लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात. तिथेही त्यातलं थोडंच रक्तात जातं. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं आणि तसंच बाहेर काढतं. कॅल्शियम त्याची वाट अडवतं. उलट लिंबू, आवळा, पेरू यांतलं क जीवनसत्त्व लोहाला आतड्यात शिरता येईल अशा रूपात ठेवतं. म्हणून लाल गोळी जेवणानंतर तासाभरानं, लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत, आणि कॅल्शियमची गोळी दुसऱ्या वेळी जेवताना. चहा गोळीच्या आधी-नंतर तासभर तरी लांब. त्या अक्कांना मी एवढंच सांगितलं आणि शौचाला काळी होणं हे न शोषलेल्या लोहामुळे असतं, घाबरायचं नाही, हेही सांगितलं. दवाखान्यातल्या सिस्टरांनी त्यांची गोळी दोन वेळा केली. दीड महिन्यात हिमोग्लोबिन ९.२ झालं. टॉनिकची अर्धी बाटली त्यांनी परत आणून दिली होती. मी ती घेतली नाही, पैसे मात्र परत केले. मालकांनी विचारलं, मी खरं ते सांगितलं. ते काही बोलले नाहीत.

त्या बाटलीमागचे आकडे मी त्या रात्री पहिल्यांदा नीट वाचले. एका सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम मूळ लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं. तेवढं लोह त्या टॉनिकमधून मिळवायचं तर चमच्यांवर चमचे रिचवावे लागले असते, आणि सोबत भरपूर साखर. फुकटातली गोळी घरात असताना ते विकत घ्यायला मी तिला लावलं होतं.

अॅनिमियामुक्त भारत कार्यक्रमात २०१८ पासून गोळ्यांचे रंग ठरलेले आहेत: गरोदर आणि स्तनदा मातांना लाल, शाळेतल्या किशोरवयीन मुलामुलींना आठवड्यातून एकदा निळी, ५ ते ९ वर्षांच्या मुलांना गुलाबी. गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. एवढी व्यवस्था असूनही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के आणि महाराष्ट्रातल्या ५४ टक्के स्त्रियांचं रक्त कमी आढळलं. याला कारणं अनेक आहेत, जंत आहेत, जेवणातलं शेवटचं पान आहे, अंगावर काढणं आहे. पण गोळी घरात असून पोटात जात नाही किंवा चहाबरोबर जाते, हे एक कारण आपल्या काउंटरवरून दिसतं आणि तिथूनच थोडंफार दूर करता येतं.

आपल्याकडचं जेवण ज्वारीच्या भाकरीचं, शेंगाचटणीचं, तुरीच्या वरणाचं. यात लोह आहे, पण धान्य आणि शेंगदाण्यातला फायटेट नावाचा घटक त्याला बांधून ठेवतो. म्हणून कोणाला भाकरी सोडायला सांगू नका, तसं सांगणारे मी ऐकलेत आणि मला राग येतो. कडक भाकरीवर जगलेल्या गावाला भाकरी वाईट म्हणून सांगायचं? कडधान्याला मोड आणा, ताटात लिंबू पिळा, जेवणावर लगेच चहा नको, एवढं सांगितलं तरी पुरे. आणि डाळिंबाचं म्हणाल तर सोलापूरचं डाळिंब जगात जातं, केगावला त्याचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, फळ उत्तमच आहे, पण त्याचा रंग तांबडा आहे म्हणून रक्त वाढत नाही. त्यात लोह अगदी थोडं. ७ हिमोग्लोबिन असलेल्या बाईनं डाळिंबाच्या रसावर महिना काढणं म्हणजे तो महिना वाया घालवणं.

गेल्या काही वर्षांत एक नवी गोष्ट कळली आहे. लोहाची मोठी मात्रा घेतली की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि ते साधारण दिवसभर आतड्याचं दार अर्धवट लावून ठेवतं. त्यामुळे रक्त थोडंच कमी असलेल्या बायकांना काही डॉक्टर दिवसाआड गोळी देतात. अशी चिठ्ठी आली तर ‘डॉक्टर चुकले, रोज घ्या’ असं म्हणू नका. मात्र गरोदर बाईला कार्यक्रमाप्रमाणे सांगितलेली रोजची गोळी आपल्या मनानं दिवसाआड करायची नाही. आणि महिनाभर नीट गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन १ ग्रॅमनं वाढलं नाही, तर नवी पट्टी न देता तिला दवाखान्यात पाठवा. कारण कुठेतरी रक्त जात असेल, थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तदोषाचा अंश असेल किंवा बी-१२ कमी असेल.

फॉलिक अॅसिडची गोष्ट मला इथे सांगाविशी वाटते, कारण ती गिरणीतल्या बायकांची आहे आणि सोलापूर गिरण्यांचं गाव. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. कापडगिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक घातक पंडुरोग होत होता, तांबड्या पेशी फुगून मोठ्या व्हायच्या. विल्सबाईंनी त्यांचं जेवण तपासलं आणि यीस्टच्या साध्या अर्कानं त्या बायका बऱ्या होतात हे १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. अर्कातला तो पदार्थ पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला आणि पानावरूनच त्याचं नाव पडलं. लाल गोळीत लोहाशेजारी जे ५०० मायक्रोग्रॅम बसलेलं आहे, ते या मार्गानं आलंय. पेशी दुप्पट होताना डीएनए तयार व्हायला ते लागतं. बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेच्या पहिल्या चार आठवड्यांतच बंद होते, बऱ्याचदा दिवस गेल्याचं बाईला कळण्याआधी. म्हणून नवं लग्न झालेल्या, मूल हवं असलेल्या मुलीला फॉलिक अॅसिड आधीपासूनच चालू करायला डॉक्टरांकडे पाठवा. वीस सेकंदांचं बोलणं आहे.

आता दुसरी गोष्ट. ही माझ्या घरची.

माझे मामा यंत्रमागावर आयुष्यभर उभे राहिलेले. गुडघे, कंबर दुखायची. डॉक्टरांनी व्हिटॅमिन डीची पूड आठवड्यातून एकदा, आठ आठवडे लिहून दिली. एका दुकानातून, दुकानाचं नाव मी घेणार नाही, त्यांनी पहिल्यांदा चार पाकिटं घेतली. कोणी काही सांगितलं नाही. चिठ्ठीवरचं इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. पूड दुधातून घेतली की बरं वाटतं, मग रोज एक. पाकिटं संपली की रिकामं पाकीट दाखवायचं आणि नवी दहा घ्यायची. तीन महिने कोणी विचारलं नाही की साठ हजाराची पूड रोज कोण घेतं.

रोजची गरज ६०० युनिट. एका पाकिटात ६०,०००, म्हणजे शंभर दिवसांचं. वजनात ते जेमतेम दीड मिलिग्रॅम असतं, बाकी पाकीट भरणाच. म्हणून ते एवढंसं, निरुपद्रवी वाटतं.

व्हिटॅमिन डी बी कॉम्प्लेक्ससारखं लघवीतून निघून जात नाही. अ, ड, इ, के ही चारही चरबीत विरघळणारी, चरबीत साठून राहणारी. ड यकृतात बदलतं, मग मूत्रपिंडात बदलतं आणि आतड्याला सांगतं की अन्नातलं कॅल्शियम आत घे. ठराविक प्रमाणात हे हाडांना लागतंच. पण मामांच्या अंगात कॅल्शियम इतकं चढलं की मूत्रपिंड पाणी धरून ठेवू शकेना. तहान तहान, दर तासाला लघवी. घरच्यांना वाटलं साखर झाली. मग मळमळ, बद्धकोष्ठ, भूक मेलेली. मे महिना होता, ४२-४३ अंशांचं ऊन, त्यात उलट्या. एके सकाळी ते मामीलाच “तुम्ही कोण?” म्हणाले. दवाखान्यात नेलं तेव्हा क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, वाढून २.६ झाला होता. सलाइन, औषधं, सोबत चालू असलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या बंद. माणूस ओळखायला लागला आठवड्यानं. साठलेलं ड उतरायला मात्र महिने गेले आणि मूत्रपिंड पूर्वीसारखं झालंच नाही.

त्या पाकिटावर जाड पेनानं ‘आठवड्यातून एकदा, रविवारी’ एवढं लिहायचं होतं. बस्स.

मी त्या दुकानदाराला शत्रू मानत नाही. त्या जागी मीही असू शकले असते. टॉनिकच्या वेळी मी होतेच.

बी-१२ बद्दलही हेच, फक्त उलट्या बाजूनं. इथे गरज असून दिलं जात नाही किंवा चुकीचं दिलं जातं. बी-१२ वनस्पतीत नसतं. दूध-दही थोडं देतं, अंडी, मासे, मटण जास्त. सोलापुरात पिढ्यान्पिढ्या शाकाहारी असलेली घरं खूप, आणि त्याच घरांतून मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणारे खूप. मेटफॉर्मिनमुळे बी-१२ चं शोषण कमी होतं. अॅसिडिटीची रोजची गोळीही त्यात भर घालते. यकृतात साठा काही वर्षांचा असतो, त्यामुळे कमतरता सावकाश येते: तळव्यांना मुंग्या, चालताना तोल जाणं, विसराळूपणा, जीभ लाल. अशा माणसाला नुसतं फॉलिक अॅसिड भरपूर दिलं तर रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं. म्हणून मुंग्यांची तक्रार घेऊन आलेल्या मधुमेही आजोबांना ‘नसांची गोळी’ देऊन वाटेला लावू नका. रक्तातलं बी-१२ तपासायला सांगा. आणि त्या नसांच्या गोळ्यांत बी-६ किती आहे तेही बघा, कारण मोठ्या मात्रेत महिनोन्‌महिने घेतलेलं बी-६ स्वतःच हातापायांना बधिरपणा आणतं.

बी कॉम्प्लेक्सनं लघवी पिवळीधमक होते. ते बी-२ चं रंगद्रव्य आहे, कावीळ नव्हे. हे न सांगितल्यामुळे घाबरून आलेली माणसं मी मोजणं सोडून दिलं.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्या बाईला लोह किंवा कॅल्शियम देताना चार तासांचं अंतर सांगा, नाहीतर थायरॉइडची गोळी वाया जाते आणि डॉक्टर उगाच मात्रा वाढवत बसतात. रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन चालू असेल तर व्हिटॅमिन के असलेलं काहीही आपल्या मनानं देऊ नका. केसांसाठी बायोटिन घेणाऱ्यांना सांगा की थायरॉइडची तपासणी करण्याआधी लॅबला कळवा, बायोटिननं आकडे चुकतात. मूल जुलाबानं आलं तर ओआरएससोबत झिंक १४ दिवस, जुलाब थांबले तरी. हे आपल्याला माहीत असतं, पण ‘बरं झालं की बंद करा’ असं तोंडातून निघून जातं.

आणि जिथे विडी वळली जाते तिथे ती ओढलीही जाते, म्हणून हेही. ‘फुफ्फुसं साफ ठेवायला’ म्हणून व्हिटॅमिन अ किंवा ते शरीरात ज्यापासून बनतं त्या, गाजरातल्या बीटा कॅरोटीनच्या गोळ्या मागणारे येतात. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या हजारो पुरुषांना बीटा कॅरोटीन देऊन पाहिलं होतं, त्याचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना ते दिलं त्यांच्यात फुफ्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्के जास्त आढळला. विडी ओढणाऱ्याला ही गोळी देऊ नका. गाजर खाऊ द्या.

लाल गोळ्या साखरेचं आवरण असलेल्या, चकचकीत, रंगीत. लहान मुलांना त्या गोड गोळ्याच वाटतात. मूठभर लोहाच्या गोळ्या दोन-तीन वर्षांच्या मुलाचा जीव घेऊ शकतात, आधी रक्ताची उलटी, मग थोडं बरं वाटणं, मग यकृत जाणं. एका खोलीच्या घरात, जिथे सगळं कोनाड्यात हाताशी असतं, तिथे ‘उंचावर ठेवा’ हे सांगणं ही त्या विक्रीचीच बाब आहे.

मला मार्जिन कळतं. दहावर तीन फुकटची स्कीम कळते, एमआर, म्हणजे औषध कंपनीचा माणूस, महिनाअखेरीला काय विनवतो तेही कळतं. काउंटरवरच्या मोठ्या डब्यांतली सप्लिमेंटं औषधाच्या परवान्यावर येत नाहीत, अन्नपदार्थ म्हणून येतात, त्यांच्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी क्रमांक असतो आणि औषधी उपयोगासाठी नाही असं छापलेलं असतं. गिऱ्हाईक ते वाचत नाही, ते आपलं तोंड बघतं. चौरस जेवणाऱ्या, तब्येत ठणठणीत असलेल्या माणसाला रोजच्या मल्टिव्हिटॅमिननं विशेष काही मिळत नाही. त्याला विकायचंच असेल तर विका, पण ज्या बाईचं हिमोग्लोबिन ८ आहे तिला ते रक्तवाढीचं म्हणून विकू नका. एवढा फरक आपण करू शकतो. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी रुग्णाला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं कामच ठरवलंय. आपल्या सहीनं दुकान चालतं, तर आपल्या तोंडानंही थोडं चालू द्या.

मी एक चिकटपट्टी करून घेतली आहे, गोळ्यांच्या पाकिटाच्या मागे लावता येईल एवढी. लोहासाठी एक, साठ हजाराच्या पुडीसाठी एक. मराठीत ‘चहासोबत नको, लिंबूपाण्यासोबत’. तेलगू घरांसाठी ‘टी तो वद्दु’ असं सुरू होणारी ओळ, शेजारच्या अक्कांनी सांगितलेली, तेलगू लिपीतच छापलेली. कानडीत ‘चहा जोते बेड’. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी कपाचं चित्र, त्यावर फुली. पुडीच्या पट्टीवर सात चौकोन आहेत, त्यातला एकच भरलेला. पहिला गठ्ठा मी पदरचे पैसे घालून छापला, अशोक चौकाच्या बाजूच्या तीन दुकानांनी ठेवून घेतलाय. मजकूर कोणीही घ्यावा, बदलावा, स्वतःच्या दुकानाचं नाव टाकून छापावा.

पुडीच्या पट्टीची कानडी ओळ मात्र अजून मनासारखी झालेली नाही. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडच्या तुमच्यापैकी ज्यांच्या घरात कानडी बोलतात, त्यांनी ‘आठवड्यातून एकदाच’ हे आजीला एका दमात कळेल असं लिहून पाठवा. पुढचा गठ्ठा त्यासाठीच थांबवून ठेवलाय.

आपली,
पूर्व भागातली एक फार्मासिस्ट
सोलापूर